शेपूट विसरा, कान उघडे ठेवा : नैरोबीत आफ्रिकन स्वर्गीय नर्तक ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

नैरोबीत राहायला आलेल्या मराठी पक्षीवेड्याला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगतं, "आपला स्वर्गीय नर्तक इथंही असतो बरं का, अगदी बागेत येतो." मग कर्नाळ्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी पाहिलेला, लांब फितींचा पांढराशुभ्र नर मनात धरून तो रविवारी सकाळी शहरातल्या आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जातो. मान दुखेपर्यंत वर बघतो आणि बुलबुल, माकडं नि जॉगिंग करणारी मंडळी पाहून घरी येतो. पक्षी तिथं असतोच, बहुधा त्याच्या डोक्यावरच्याच झाडात. पण जे शोधायचं ते सोडून भलतंच शोधलं जातं.

इथला पक्षी आपल्याकडच्या नर्तकाचा जवळचा भाऊबंद असला तरी वेगळ्या जातीचा आहे. इंग्रजीत आफ्रिकन पॅराडाइज फ्लायकॅचर, शास्त्रीय नाव टर्प्सिफोन विरिडिस. सहाराच्या दक्षिणेला जवळपास सगळ्या आफ्रिकेत तो आढळतो, शिवाय येमेन आणि ओमानच्या दक्षिण टोकालाही. खाली दिलेल्या पायऱ्या नैरोबी डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण इथं नव्याने येणारे बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात. क्रम मात्र बदलू नका: आधी कान, मग डोकं, शेपूट सगळ्यात शेवटी.

१. "फ्लायकॅचर" या नावावर जाऊ नका

हा पक्षी माशीमारांच्या कुळातला नाही. टिकेलचा निळा माशीमार आणि त्याचे नातेवाईक म्युसिकापिडी कुळातले. नर्तक मोनार्किडी कुळातला. हे पुस्तकी वाटेल, पण मैदानात उपयोगी पडतं. माशीमार उघड्या फांदीवर ताठ बसतो, माशीवर झडप घालतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच फांदीवर येतो. ती फांदी सापडली की आपलं काम झालं. नर्तक एका जागी टिकत नाही. झाडाच्या मधल्या उंचीवर, सावलीत, पानांच्या आत तो सतत इकडून तिकडे करत राहतो. कधी हवेत किडा टिपतो, कधी पानाखालून उचलतो. त्यामुळे रिकाम्या फांदीवर दुर्बीण रोखून "येईल परत" म्हणून थांबण्यात अर्थ नाही. तो पुढच्या झाडात गेलेला असतो.

२. सामान आणि कागदपत्रं

फार काही लागत नाही. यादी एवढीच:

- ८×४२ची दुर्बीण. दाट सावलीत बघायचं असल्यामुळे जास्त मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा जास्त उजेड घेणारी बरी. १०×४२ चालेल, पण हात हलतो आणि हा पक्षीही हलतो.
- पूर्व आफ्रिकेच्या पक्ष्यांचं कुठलंही नीट चित्रं असलेलं पुस्तक. दक्षिण आफ्रिकेचं पुस्तक आणू नका. का ते सहाव्या पायरीत येईल.
- फोनवर मर्लिन (पक्षी ओळखायला मदत करणारं ॲप) आणि ई-बर्ड (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ॲप). झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरच्या पक्ष्यांचे आवाज फुकट ऐकता येतात. तिथून केनियात रेकॉर्ड केलेले दोन-तीन आवाज उतरवून घ्या.
- पासपोर्ट किंवा केनियातलं रहिवासी ओळखपत्र. राष्ट्रीय उद्यानांत नागरिक, रहिवासी आणि परदेशी पाहुणा यांचे दर वेगवेगळे असतात. ओळखपत्र दाखवलं नाही तर पाहुण्याचा दर लागतो, आणि फरक चांगलाच आहे. कार्ड हातात यायचं असेल तर तोपर्यंत उद्यान लांबणीवर टाका, आर्बोरेटम पुरे.
- एम-पेसा (फोनवरून पैसे भरायची सेवा) चालू असलेलं सिमकार्ड आणि ई-सिटिझन या सरकारी संकेतस्थळावरचं खातं. राष्ट्रीय उद्यानांच्या दारावर रोख घेत नाहीत. खातं घरीच उघडून ठेवा. गेटवर नेटवर्क नसताना पासवर्ड आठवत बसणं हा नैरोबीतला नेहमीचा तमाशा आहे.
- लांब पॅन्ट आणि गुडघ्याच्या खालपर्यंतचे मोजे. पावसानंतर जंगलातल्या वाटांवर सियाफू मुंग्यांच्या रांगा असतात. वर बघत चालणाऱ्या माणसाला त्या दिसत नाहीत आणि चढल्या की एकदमच चावतात.

एक सूचना खास आपल्या लोकांसाठी. पोळीभाजीचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानं, जंगलं आणि समुद्रकिनाऱ्यांवर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्याही नेता येत नाहीत. कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली घ्या.

३. कुठे आणि केव्हा

सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या इमारतीचं आवार, जर तिथं मोठी जुनी झाडं असतील तर. पार्कलँड्स, वेस्टलँड्स, लॅविंग्टन, किलेलेश्वा या भागांत, जिथं आपली मंडळी जास्त राहतात, तिथं जुन्या बागा असलेली आवारं अजून शिल्लक आहेत. नर्तकाला घनदाट जंगलच हवं असं नाही. झाडांची कड, ओढ्याकाठची झाडी, छाटलेल्या कुंपणामागचे दोन-चार उंच वृक्ष एवढ्यावर त्याचं भागतं. सावली हवी आणि शक्यतो जवळ पाणी हवं.

घराजवळ सोय नसेल तर आर्बोरेटम घ्या. १९०७ साली रेल्वेसाठी कोणती झाडं लवकर वाढतात हे पाहायला ते लावलं गेलं. आज शहराच्या मधोमध पायी फिरता येईल अशी ती निवांत झाडी आहे. खालच्या अंगाला ओढ्याकडे जा, वरच्या हिरवळीवर वेळ घालवू नका. आणि एक सांभाळा: शेजारीच राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आहे. त्या बाजूच्या भिंतीकडे लांब लेन्स रोखू नका, पक्षी कितीही सुंदर बसलेला असला तरी.

करुरा जंगल मोठं आहे, जवळपास १,००० हेक्टर. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९९च्या सुमारास मार खाऊन ते बिल्डरांपासून वाचवलं, हे तिथं चालताना लक्षात असू द्या. मुख्य रुंद रस्ते सायकलवाल्यांचे. तुम्ही धबधब्याकडे जाणारी नदीकाठची वाट धरा. सिटी पार्कमध्येही नर्तक आहे, पण तिथली सायक्स माकडं हातातला खाऊ पळवतात, मुलं बरोबर असतील तर सांभाळा.

एकट्याने सुरुवात करायला अवघड वाटत असेल तर नेचर केनिया या निसर्गप्रेमींच्या संस्थेची बुधवार सकाळची पक्षीफेरी गाठा. फ्लर न्ग्वेनो यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली आणि नॅशनल म्युझियमच्या आवारातून ती निघते. तिथल्या जुन्या मंडळींबरोबर एक सकाळ चाललात की महिनाभर ॲपशी झगडल्यापेक्षा जास्त कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ सकाळची. इथं सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे उन्हाळ्या-हिवाळ्याचा हिशेब नाही. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत आवाज भरपूर असतो. कुणा स्थानिक वाटाड्याशी बोलताना वेळ मात्र नीट ठरवून घ्या: स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे "सा मोजा", पहिला तास, हा आपला सकाळचा सातचा. "सा म्बिली" ऐकून रात्री दोनला गजर लावू नका, ते सकाळचे आठ आहेत.

मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. पावसाच्या आसपास किडे वाढतात, पक्षी घरटी करतात आणि गातातही जास्त. जुलै-ऑगस्टच्या थंड, ढगाळ दिवसांत पक्षी असतो, पण गातो फारच कमी. शिकायला सुरुवात त्या महिन्यांत करू नका, उगाच हिरमोड होतो.

४. आधी हाक शिका, गाणं नंतर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं जरा रेंगाळू.

नर्तकाचे आवाज दोन प्रकारचे. एक हाक, एक गाणं. नवशिके थेट गाणं शिकायला जातात, कारण ते गोड आहे आणि रेकॉर्डिंगमध्ये तेच आधी सापडतं. पण गाणं ऋतूवर, वेळेवर, मर्जीवर अवलंबून. हाक मात्र दिवसभर, वर्षभर चालू असते. फांदी बदलताना, जोडीदाराला खुणावताना, खालून मांजर गेलं तर, तुम्ही गेलात तर.

हाक कर्कश आहे. ऐकताना "झ्वी-झ्वेट" किंवा "झ्वी… झ्वी-झ्वे" असं काहीसं वाटतं. पहिला तुकडा किंचित वर चढतो, दुसरा खाली झटका देतो. बॅगेची चेन एका दमात ओढावी तसा त्यात खरखरीतपणा असतो. पक्षी १४ ग्रॅमच्या आसपास वजनाचा, आवाज मात्र त्याच्या तिप्पट आकाराच्या पक्ष्याला शोभेल असा. जंगलात पहिल्यांदा ऐकणारे मोठा पक्षी शोधत राहतात आणि हा पिटुकला जीव नजरेतून सुटतो.

ज्यांनी महाराष्ट्रात हिवाळ्यात नर्तक पाहिलेत त्यांचं निम्मं काम झालेलं आहे. आपल्याकडचा नर्तक हिवाळ्यात गातो क्वचितच, पण झाडीतून तो जो एक खरखरीत, चिडका आवाज टाकतो, त्याच जातकुळीतली ही हाक आहे. कान लगेच ओळख दाखवतो.

आता गाणं. हे शिटीचं आहे, खणखणीत, उड्या मारत जाणारं: "ट्वी-टिडली-टिडली, विट्-विट्". लांबी दोन-तीन सेकंदांची, मग थोडं थांबून पुन्हा तेच, कधी शेवट बदलून. सुरुवातीला एखादी हाक येते आणि तिच्या मागोमाग गाणं ओघळतं, असंही बऱ्याचदा होतं. तसं झालं तर ओळख पक्कीच समजा. खरखर आणि शिटी लागोपाठ एकाच गळ्यातून आली की नैरोबीच्या बागेत दुसरा दावेदार फारसा उरत नाही.

सराव असा करा:

- पहिला आठवडा घरी, हेडफोन लावून, फक्त हाक. जेवण करताना, भांडी घासताना, मटाटूत, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, बसलेले असताना.
- मग बाहेर एकाच जागी वीस मिनिटं बसा. फिरू नका. जे ऐकू येतं त्यातलं बुलबुलचं काय, सूर्यपक्ष्याचं काय हे सोडून द्या. फक्त खरखर आहे की नाही एवढंच तपासा.
- खरखर ऐकू आली की लगेच दुर्बीण डोळ्यांना लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी त्या झाडात हालचाल शोधा, मग दुर्बीण.
- मर्लिनचा आवाज ओळखणारा भाग सोबतीला ठेवा, पण त्याच्या शब्दावर नोंद करू नका. आफ्रिकेतले सगळे पक्षी त्याला अजून येत नाहीत आणि येत नसलेला आवाज तो येणाऱ्या एखाद्याच्या नावावर खपवतो. त्याचं खरं काम म्हणजे पडद्यावर सरकणारं ते आवाजाचं चित्र. शिटीचं गाणं तिथं बारीक, वरखाली होणाऱ्या रेघांसारखं उमटतं. हाक म्हणजे जाड, पसरट डाग. डोळ्यांनी हा फरक दिसला की कानालाही पटायला लागतं.

पक्षी समोर यावा म्हणून फोनवरून त्याचाच आवाज वाजवायचा मोह होईल. नका करू. नर्तक आपली हद्द जिवावर उदार होऊन राखतो. त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या पक्ष्यांवर धावून जातो. फोनमधल्या खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात त्याचा वेळ जातो आणि घरटं उघडं पडतं. शिवाय नैरोबीच्या बागांत तो तसाही माणसाला फारसा बुजत नाही. दहा मिनिटं गप्प उभं राहिलात तर दोन हातांवर येऊन किडा टिपून जाईल.

५. डोकं पाहा, मग पोट

आवाज मिळाला, हालचाल दिसली, दुर्बीण लागली. आता डोळ्याजवळ बघा.

नराचं डोकं काळंनिळं, चकचकीत; माथ्यावर छोटा तुरा, जो तो घाबरला किंवा भांडायला उठला की उभा राहतो. आणि डोळ्याभोवती निळं मांसल कडं. हे कडं म्हणजे या पक्ष्याची सही. ते नुसतं निळसर नसतं, सावलीतून उन्हाच्या तिरपेत डोकं आलं की काळ्यावर एकदम झळकतं. चोचही निळी, बुडाशी रुंद, तिच्याभोवती राठ केस. मी पहिल्यांदा हे कडं नीट पाहिलं ते आर्बोरेटमच्या ओढ्याकाठी, पक्षी अंघोळ करत असताना. नर्तक पाण्यात बसून अंग भिजवत नाही. फांदीवरून थेट सूर मारतो, पाण्याला टेकतो न टेकतो तोच परत वर, असं चार-पाच वेळा. मग फांदीवर बसून पिसं विंचरतो. त्या दोन मिनिटांत तो एका जागी असतो आणि तेव्हाच सगळं दिसतं: भिजलेला तुरा चिकटून बसलेला, पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला, आणि ते कडं ओल्या काळ्या पिसांत आणखीच निळं.

मादीचं डोकं करड्या काळ्या रंगाचं, चकाकी कमी, तुरा आखूड, कडं बारीक आणि मंद. पाठ आणि शेपूट तांबूस, शेपूट साध्या लांबीची. पिल्लं मादीसारखी पण आणखी फिकट. कडं जवळजवळ नसतंच.

डोक्यानंतर पोट. आपल्याकडचा नर्तक आणि इथला यांच्यातला झटपट कळणारा फरक इथं आहे. आपल्याकडचा तांबूस नर असो की मादी, पोट पांढरट असतं. इथल्याचं पोट राखाडी. गळ्याचा काळा रंग छातीवरून खाली येता येता राखाडी होतो आणि शेपटीखाली फिकट पडतो. ओमानमधल्या सलालाहला किंवा नैरोबीला फोटो काढून पुण्यातल्या ग्रुपवर टाकलात की कुणीतरी "हा तर आपलाच" म्हणणारच. त्याला पोट दाखवा.

६. आता शेपूट

शेपटीच्या लांब फिती सोडून पक्षी १७-१८ सेंटिमीटर. नराच्या मधल्या दोन पिसांच्या फिती जवळपास तेवढ्याच लांब वाढू शकतात. दिसतात सुंदर, उडताना मागे लहरत जातात, सगळं मान्य. पण ओळखायला त्यांचा भरवसा धरू नका. मादीला त्या नाहीत. तरुण नराला नाहीत. पिसं झडायच्या दिवसांत पोक्त नरालाही नसतात, किंवा एकच फीत असते आणि पक्षी वाकडा दिसतो. म्हणजे बागेत जे नर्तक फिरत असतात त्यातल्या बऱ्याच जणांकडे ती प्रसिद्ध शेपूट त्या दिवशी नसतेच. नवशिके निराश होतात ते इथं.

रंगाचाही एक घोळ आहे. नैरोबीत बहुतेक नर तांबूस, पंखावर पांढरा पट्टा असलेले. पण केनियाच्या पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या कोरड्या भागांत, त्सावो किंवा साम्बुरूच्या नदीकाठच्या झाडीत, पांढरे नर सर्रास दिसतात: पाठ, पंख, शेपूट पांढरी, डोकं काळं, छाती राखाडी. दोन्हींच्या अधलेमधलेही असतात, तांबूस पाठ आणि पांढरी शेपूट वगैरे. म्हातारा झाला म्हणून पांढरा झाला, असं वाटाडे कधी कधी सांगतात. ते ऐकून घ्या आणि सोडून द्या, हे त्याच जातीतले दोन रंग आहेत. दक्षिण आफ्रिकेत पांढरा प्रकार नाही आणि तिथल्या तांबूस नरांच्या पंखावर पांढरा पट्टाही नसतो. म्हणून तिथलं पुस्तक इथं आणू नका म्हटलं. त्यातलं चित्र इथल्या पक्ष्याशी जुळत नाही.

७. फसवणारे

कॉमन बुलबुल: काळपट डोकं, जराशी शेंडी, सगळीकडे. आपल्या लालबुड्यासारखाच, फक्त बुडाखाली पिवळा. पाठ मातकट, तांबूस नाही. आवाज भरड पण आनंदी, चिडका नाही.

ठिपकेदार माउसबर्ड: लांब शेपूट आणि तुरा या दोनच गोष्टी शोधणाऱ्याला हा हमखास गंडवतो. पण हे पक्षी थव्याने असतात, फळं खातात, फांदीला लोंबकळतात, आणि रंग सगळा मातट. शेपूटही ताठ, लहरणारी नाही.

पिन-टेल्ड विडा: विणीच्या काळातला नर काळा-पांढरा आणि भलतीच लांब काळी शेपूट. चोच लालभडक. तो गवताळ उघड्यावर असतो, झाडाच्या आत नाही.

पांढऱ्या डोळ्याचा स्लेटी माशीमार: नैरोबीच्या बागांतला घरचाच पक्षी, राखाडी, डोळ्याभोवती ठळक कडं. कडं पाहून लोक उडी मारतात. याचं कडं पांढरं, तुरा नाही, तांबूस काही नाही, आणि संध्याकाळी तो खुशाल गाडीच्या वाटेवर उतरून किडे टिपतो.

रूपेलचा रॉबिन-चॅट: हा डोळ्यांना नाही, कानांना फसवतो. नकलांमध्ये वस्ताद. झुडपातून दुसऱ्याचं गाणं आलं आणि त्यालाच जोडून आणखी तिसऱ्याचं आलं, तर गाणारा एकटाच असतो आणि तो हा. नर्तक कुणाची नक्कल करत बसत नाही. गाणं ऐकून शंका आली तर हाक येईपर्यंत थांबा.

किनाऱ्याकडे, मालिंदीजवळच्या अराबुको-सोकोके जंगलात गेलात तर आणखी एक: निळ्या पाठीचा क्रेस्टेड फ्लायकॅचर. हाक नर्तकासारखीच खरखरीत, तुराही आहे. पण अंगावर तांबूस रंगाचा ठिपकाही नाही, पोट पांढरं, शेपूट साधी. तिथं मात्र नुसत्या आवाजावर नोंद करू नका, पक्षी बघाच.

८. घरटं दिसलं तर

बारीक फांदीच्या बेचक्यात, बहुतेक वेळा खाली झुकलेल्या फांदीवर आणि शक्य तर पाण्याच्या वर, मुठीत मावेल एवढी वाटी. तंतू, सालीचे धागे, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले, बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले. अंडी दोन किंवा तीन. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात. नराची पाळी असताना वाटीबाहेर त्याच्या शेपटीच्या फिती लोंबत राहतात, आणि बऱ्याचदा घरटं त्याच्यामुळेच सापडतं.

सापडलं की दोन पावलं मागे या. पानं बाजूला करून फोटो काढू नका, जागा ग्रुपवर टाकू नका. माळ्याला मात्र सांगून ठेवा. नैरोबीत आवारातली झाडी महिन्याच्या महिन्याला छाटतात आणि झुकलेल्या फांद्या सगळ्यात आधी जातात. तीन-चार आठवडे तेवढी एक फांदी ठेवा म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही.

९. नोंद करताना

ई-बर्डवर नोंद टाकताना नुसतं नाव टाकून मोकळे होऊ नका. तीन गोष्टी लिहा: नर की मादी, तांबूस की पांढरा, ऐकला की पाहिला. रंगाचे दोन प्रकार कुठे किती आहेत हे अशा नोंदींतूनच कळतं. फोनवर रेकॉर्डिंग झालं असेल तर जोडा, मागे मटाटूचा हॉर्न असला तरी चालेल.

१०. नैरोबीबाहेर असाल तर

युगांडा: कंपाला-एंटेबेच्या बागांतही नर्तक आहे, पण माबिरासारख्या जंगलांत त्याचा भाऊबंद, लाल पोटाचा पॅराडाइज फ्लायकॅचर राहतो, ज्याचं पोटही तांबूस असतं. दोघांचे संकरही होतात. पोट राखाडी की तांबूस हे ठरत नसेल तर जातीचं नाव न टाकता नोंद करा, त्यात कमीपणा काही नाही.

दक्षिण आफ्रिका: जोहान्सबर्ग-प्रिटोरियात तो उन्हाळी पाहुणा, सप्टेंबर-ऑक्टोबरला येतो, मार्च-एप्रिलपर्यंत जातो. जून-जुलैत शोधत बसू नका.

ओमान: मस्कतला नाही. त्यासाठी हजार किलोमीटरवर सलालाहला जावं लागेल. तिथं आइन हमरान आणि आइन रझात या झऱ्यांच्या झाडीत तो वर्षभर असतो. खरीफच्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबर, तिथं गर्दी आणि धुकं दोन्ही फार. आवाज ऐकायचा तर हिवाळ्यात, उजाडता उजाडता जा.

मॉरिशसच्या मराठी मंडळींसाठी: तुमच्याकडचा नर्तक वेगळ्याच जातीचा आहे आणि त्याच्या नरालाही लांब शेपूट नसते. वरची सहावी पायरी तुम्ही सोडून दिली तरी चालेल.